कृषीदूत आले, सतरंजी टाका

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, पोराला पुढं काय करणार? उत्तर तयार असतं : "काहीही करू दे, फक्त शेती नको." मग तो बोटं मोडत कारणं सांगतो. फुलोऱ्यातला पाऊस, मणी भरतानाचा पाऊस, काढणीच्या तोंडावरचा पाऊस, माल भरून पसार झालेला व्यापारी, सोसायटीचं कर्ज. एवढं सगळं सांगून झालं, चहा झाला, की तोच गृहस्थ सायबर कॅफेत जाऊन पोराच्या अर्जात पहिला पसंतीक्रम बी. एस्सी. ॲग्रीचा भरून येतो. पोराला शेतीतून बाहेर काढायचं असेल तर त्याला आधी चार वर्षं निव्वळ शेतीच शिकवली पाहिजे, या उपायावर आमच्या जिल्ह्याची फार श्रद्धा आहे.

आमच्याच घरातलं बघा. थोरल्या भावाची बाग निफाड तालुक्यात, मी नोकरीनिमित्त नाशकात. पुतण्या बारावी झाला आणि दादांनी जाहीर केलं, "ॲग्री केलं की एमपीएससी निघते." हे वाक्य त्यांनी कुठं ऐकलं विचारू नका. पिंपळगावच्या मार्केट यार्डापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ते सगळीकडे याच शब्दांत ऐकू येतं. एमपीएससी ही जणू जमिनीतून निघणारी वस्तू आहे. ॲग्रीची नांगरट खोल झाली की आपोआप वर येते.

प्रवेशाला सातबारा लागतो. शेतकऱ्याच्या पोराला त्याचे जादा गुण मिळतात, आणि त्या गुणांपायी आमच्या घराण्यानं कित्येक वर्षांनी आपला सातबारा नीट वाचला. तेव्हा कळलं की कागदोपत्री जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबांना वारून बराच काळ लोटलाय, आणि पीक पाहणीच्या रकान्यात द्राक्षाच्या जागी ऊस उभा आहे. वारसनोंद, चुलत्यांची संमती, सर्कलची सही, अशी धावपळ झाली. पुतण्याला शेतीशिक्षणाचा पहिला धडा कॉलेजचं तोंड बघण्याआधीच मिळाला. तो अभ्यासक्रमात नाही, पण नंतर उपयोगी पडतो तो तोच.

नाशकात शिक्षणाची सोय चांगली आहे. के. के. वाघ शिक्षण संस्थेचं कृषी महाविद्यालय आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाचं आहे. दोन्ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला जोडलेली. राहुरी १९६८ सालची. पुढच्या चार वर्षांत अकोला, परभणी आणि दापोली अशी आणखी तीन विद्यापीठं झाली आणि उभ्या महाराष्ट्राची वाटणी पुरी झाली. आमच्याकडे दोन भावांत बांध घालायला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ पासून. तिथं शेतीचे अभ्यासक्रम घरी राहून करता येतात. म्हणजे एखाद्या घरातलं पोरगं शेती शिकायला शेत सोडून हॉस्टेलवर, आणि बाप शेतात राहून मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी, असंही होऊ शकतं. निकाल कुणाचा चांगला लागेल, यावर पैज लावायला मी तयार आहे.

पहिल्या वर्षी पुतण्याला तणांचा संग्रह करायला सांगितला. हर्बेरियम. आता या मुलाचा तणांशी पूर्वसंबंध असा, की निंदणीचा विषय निघाला की याचं पोट दुखायचं. तोच मुलगा रविवारी घरी आला आणि बांधाबांधानं वाकून हिंडू लागला. वहिनींना वाटलं, पोराचं काही हरवलं. त्यानं सांगितलं, "आई, लव्हाळा पाहिजे. मुळासकट. फुलासकट. आणि पान फाटता कामा नये." वहिनींनी उभ्या हयातीत लव्हाळा इतक्या मायेनं उपटलेला नव्हता. गाजरगवत, आघाडा, केना, माठ, हराळी, एकेक तण धुऊन, पुसून, जुन्या वर्तमानपत्रात दाबून दिवाणाच्या गादीखाली ठेवलं गेलं. त्यावर आजी आठवडाभर झोपली. वजन बरोबर पडल्यामुळे नमुने झकास वाळले. आणि आमच्या बागेत त्याच आठवड्यात मजूर लावून, रोज देऊन, तीच तणं काढून बांधावर फेकली जात होती. कुणीतरी विचारलं, "अरे, त्यातलीच घे की." तर म्हणाला, "त्यांना मुळं नाहीत नीट. बायका खुरप्यानं तोडतात." शास्त्र जिथं सुरू होतं तिथं खुरपं बदनाम होतं.

मग कीटक. जाळी घेऊन फुलपाखरांमागे पळणं, डबीत मारणं, थर्मोकोलवर टाचणीनं टोचणं. यात एक जुनी अर्थव्यवस्था आहे. सीनियर मुलांच्या पेट्या ज्युनियरकडे येतात, पाय गळालेला भुंगा फेविक्विकनं दुरुस्त होतो. एखादा नाकतोडा चार वर्षांच्या पदवीला चार-चारदा बसतो आणि दर वेळी पास होतो.

ट्रॅक्टरची तोंडी परीक्षा हा तर वेगळा विषय. पुतण्या सातवीपासून ब्लोअर चालवतो. बागेच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर उलटा काढायचा असला तर दादा गड्याला बाजूला करून त्याला हाक मारतात. परीक्षेत त्याला डिफरन्शियलचं कार्य विचारलं आणि तो गप्प. त्याच्या शेजारच्या, औतसुद्धा न पाहिलेल्या सिडकोतल्या मुलानं आकृतीसह सांगितलं आणि पूर्ण गुण घेतले. बाहेर आल्यावर त्याच मुलानं पुतण्याला विचारलं, "हा चालू कुठून करतात रे?"

शिकवणारे आणि शेत यांच्यातलं अंतर कमी करायचे प्रयत्न जुने आहेत, हेही सांगायला हवं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी एका गावाचं घर न् घर, बांध न् बांध मोजून अभ्यास केला. १९१७ साली त्याचं पुस्तक निघालं आणि ग्रामीण अर्थशास्त्रात ते अजून नावाजलं जातं. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथं शेत शोधायला गेलात तर आठव्या मजल्यावरच्या गच्चीत कुंडीतली कोथिंबीर मिळेल. एवढा कसून अभ्यास झाल्यावर गावाचं काय होतं, ते यावरून समजावं.

आमच्या निफाडच्या संशोधन केंद्राला मात्र मी हसणार नाही. कुंदेवाडीचं ते गव्हाचं केंद्र. तिथून निघालेल्या वाणांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आहेत. नाशिककरानं गव्हाची पेरणी केली तरी निम्मी तीर्थयात्रा घडते. पण या केंद्राची ख्याती महाराष्ट्रभर कशासाठी, तर थंडीसाठी. डिसेंबर उजाडला की पेपरात मथळा येतो, निफाडचा पारा घसरला, कुंदेवाडीच्या केंद्रात इतक्या अंशांची नोंद. पिढ्यान् पिढ्यांच्या शास्त्रज्ञांनी तांबेऱ्याशी झुंजून वाण काढले आणि लोकांच्या लक्षात राहिला तो तिथला थर्मामीटर.

आता येतो तो सातव्या सत्राचा भाग, ग्रामीण कृषी कार्यानुभव. यात विद्यार्थी एखाद्या गावाला जोडले जातात. मुलगे असले तर कृषीदूत, मुली असल्या तर कृषीकन्या. ही नावं कुणी ठेवली ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला शेतकऱ्याचा मान राखायचा होता हे नक्की. दूत म्हटलं की कुठल्या तरी दूरच्या दरबारातून खलिता घेऊन आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो शेजारच्या गावातल्या नानांचा पोरगा असतो आणि त्याचा खलिता म्हणजे डिजिटल बॅनर. बॅनरवर कुलगुरूंपासून कार्यक्रम अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं. शेतकऱ्याचं नाव घालायला जागा उरत नाही. तो खाली, फोटोत उभा राहतो.

पुतण्याच्या गटाचा बोर्डो मिश्रणाचा कार्यक्रम मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. द्राक्षाच्या गावात बोर्डोचं प्रात्यक्षिक! मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली होती. सारख्या टोप्या घातलेले सहा कृषीदूत, दोन प्लास्टिकच्या बादल्या, मोरचुदाची पुडी, कळीचा चुना. समोर तात्या, नाना, आण्णा अशी दहाबारा मंडळी. यातल्या प्रत्येकाच्या बोटांच्या पेरांत मोरचुदाचा निळेपणा कायमचा मुरलेला. एका कृषीदूतानं घसा साफ केला. "एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करावीत. धातूचं भांडं वापरू नये." मग त्यानं चाकूचं पातं मिश्रणात बुडवलं आणि वर धरलं. "पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे असं समजावं आणि आणखी चुना घालावा."

तात्यांनी पुढं वाकून पातं बघितलं. म्हणाले, "आलाय की रे तांबूस."

कृषीदूतानंही बघितलं. आला होता. सहाही कृषीदूत एकमेकांकडे पाहू लागले. तात्या उठले, बादलीपाशी उकिडवे बसले, चिमटीनं चुना सोडत काठीनं ढवळलं, पुन्हा पातं बुडवलं. "हां, आता काढ फोटो." मग बसल्या बसल्या त्यांनीच पुढचं सांगितलं. कोवळ्या फुटीवर मारताना हात आखडता घे, करपते. मणी मोठे झाल्यावर नको, डाग धरतो आणि व्यापारी भाव पाडतो. कृषीदूत वहीत लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी आली : 'कृषीदूतांकडून शेतकऱ्यांना बोर्डो मिश्रणाचे मार्गदर्शन'. फोटोत ढवळणारे तात्या होते आणि काठीला हात लावलेले सहा कृषीदूत. तात्यांनी कात्रण कापून ठेवलंय.

पोरांच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. बोर्डोचा इतिहास मला त्या पारावर पुतण्यानंच सांगितला आणि तो तात्यांना ठाऊक नव्हता. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारेजाणारे तोडून खायचे. मालकांनी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फासलं, की दिसायला विषारी दिसावं. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पाहिलं, आतल्या वेली डाऊनीनं गेल्या, रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्या. १८८५ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. तात्या मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे चोरांमुळं लागला शोध. मग आपल्याकडं इतके शोध का नाय लागले?"

द्राक्षवाल्यासमोर शास्त्र सांगायला उभं राहणं ही ज्या त्या पदवीधराची खरी तोंडी परीक्षा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. बागेच्या भाषेत सीसीसी. शेंडा थांबावा, घड नीट निघावा म्हणून वर्षानुवर्षं सगळे वापरत होते. त्या एका हंगामात आमचा तालुका जेवढं रसायनशास्त्र शिकला तेवढं कुठल्याही विद्यापीठानं चार वर्षांत शिकवलेलं नसेल. आठवी नापास माणूस आज एमआरएल, पीएचआय, पीपीबी या अक्षरांत बोलतो. पुतण्या पहिल्या सुटीत घरी आला तेव्हा त्यानं दादांना ऐटीत विचारलं, "तुम्हाला जिबरेलिक ॲसिड माहितीये?" दादा तेव्हा जीएच्या डिपिंगचे मग धूत होते. त्यांनी एक मग त्याच्या हातात दिला आणि सुरगाण्याहून आलेल्या टोळीतल्या बायकांच्या ओळीला लावून दिला. संध्याकाळपर्यंत त्याचं जिबरेलिक ॲसिडविषयीचं कुतूहल पार शमलं होतं.

कृषी अर्थशास्त्राचं पुस्तक मी स्वतः चाळलं. मागणी आणि पुरवठा यांचे दोन वक्र एकमेकांना जिथं छेदतात तिथं भाव ठरतो, असं त्यात लिहिलंय. आकृती सुबक आहे. पण लासलगाव इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथल्या पोरांना ती आकृती अर्धवट वाटते. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती थेट पुढच्या मे महिन्यात, निवडणुकीच्या धामधुमीत, उघडली. पुतण्याच्या वर्गातल्या एका मुलानं उत्तरपत्रिकेत तिसरा वक्र काढला आणि त्याला 'अधिसूचना' असं नाव दिलं. गुण मिळाले नाहीत. मी असतो तर त्याला पीएच. डी. देऊन घरी पाठवला असता.

आता करिअर. या मुलांपुढं वाटा बऱ्याच असतात आणि बहुतेक वाटा शेतापासून लांब जातात. पहिली एमपीएससी : मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी. त्यासाठी दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत, मध्ये प्लायवुड असलेल्या खुर्चीवर, दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहून, मेसचा डबा खात काढायची. घरी चार एकरांचं मोकळं रान असताना. दुसरी बँक : कृषी अधिकारी होऊन गावोगाव कर्ज वाटायचं, आणि मग वाटलेलं मागायला जायचं. तिसरी खत-औषध कंपनी : गळ्यात ओळखपत्र, बुडाखाली मोटारसायकल, डोक्यावर टार्गेट. चौथी स्वतःचं कृषी सेवा केंद्र. औषधविक्रीच्या परवान्याला आता कृषीचं शिक्षण लागतं, त्यामुळे कित्येक दुकानांत भिंतीवर गणपतीच्या शेजारी एक पदवी टांगलेली दिसते आणि गल्ल्यावर भलताच माणूस बसलेला असतो. पदवीचा धनी पुण्यात अभ्यासिकेत असतो.

पाचवी वाट खास नाशिकची, द्राक्ष सल्लागार. चारचाकीतून उतरतो, गळ्यात भिंग, पायात स्वच्छ बूट. छाटणीआधी काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड कितव्या डोळ्यावर आहे ते सांगतो आणि एकराच्या हिशेबानं फी घेतो. त्याचं शेड्यूल दादा देवघरात ठेवतात. तेच पुतण्यानं सांगितलं तर म्हणतात, "तू गप. तुला काय कळतंय?" यावर पोरांनी तोडगा काढलाय. पूर्वी बैल कमी असले की शेतकरी सावड करायचे, तुझं औत माझ्या रानात, माझं तुझ्या. ही पोरं सल्ल्याची सावड करतात. पुतण्या वणीच्या मित्राच्या वडिलांना फोनवर सल्ला देतो, तो मित्र आमच्या दादांना देतो. दोन्ही बाप खूश. दादा तर परवा मला म्हणाले, "वणीचं ते पोरगं लई हुशार आहे. नायतर आमचं बघा."

बाप लोकांच्या तोंडी आणखी एक नाव हमखास असतं, विलास शिंदे यांचं. राहुरीतून कृषी अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आडगावला परत येऊन शेतीच केली, आणि पुढे मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी केली. शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी, द्राक्षं थेट युरोपच्या दुकानांत. "तसं कर काहीतरी," असं प्रत्येक बाप पोराला सांगतो. शिंदे यांची सुरुवातीची बरीच वर्षं तोट्यात आणि कर्जात गेली, हे त्यांनी स्वतः वेळोवेळी सांगितलंय. तेवढा भाग मात्र आमच्याकडचे बाप भाषणातून गाळतात. पोरानं एकदा नम्रपणे विचारलं, "मग मी पण शेतीच करू का?" तर घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

कारण खरी परीक्षा अजून पुढं असते. स्थळं. आमच्या भागात मुलीकडच्यांच्या अपेक्षा स्वच्छ आहेत : मुलगा नोकरीवाला हवा आणि त्याला बागायत जमीन हवी. जमीन हवीच, पण त्यानं तिच्यात जाता कामा नये. या अपेक्षेत बसणारा एकच प्राणी महाराष्ट्रात तयार होतो आणि तो कृषी महाविद्यालयात तयार होतो. परवा येवल्याकडची मंडळी आली होती. पोहे झाले, बायोडाटा फिरला. मुलीच्या मामांनी चष्मा वर करून विचारलं, "चार एकर द्राक्ष लिहिलंय. मुलाला शेतात जावं लागतं का?"

दादांनी दोन्ही हात झटकले. "छे हो! त्याचा शेतीशी काही संबंध नाही. तो ॲग्री झालाय."